उष्टी हळद

१५ मे १९९८, नामपूर

पोचले एकदाची सासरी! नाशिकहून सटाण्यापर्यंत जीप बरी आली, पुढे मात्र रस्त्याने सगळ्यांची हाडं खिळखिळी केली. घर नवं आहे, सिमेंटचं, मागे कांद्याची चाळ. माणसं मोजकीच: अमित, सासूबाई आणि आता मी. सासरे कधीच गेले. सासूबाईंनी ओवाळलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. नवऱ्याला नावाने हाक मारू नकोस, ‘हे’ म्हणावं, असंही लगेच बजावलं. माझ्या तोंडून काही ते ‘हे’ निघायचं नाही. अमित हसत होता. मला तो फार आवडतो, इथे लिहायला काय हरकत आहे?

एकच खटकलं. अमितला लावून उरलेली उष्टी हळद लग्नाआधी आमच्याकडे आली, तिच्यात काळी कच होती. आंघोळ केली तरी मानेवर राहिली. आई म्हणाली, तुझं आपलं नेहमीचं नाक मुरडणं. असेलही. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी मला चालत नाही, यावरून अख्खं माहेर माझी टर उडवतं.

१९ मे

मागच्या खोलीत एक फोटो आहे. डोक्यावर दिव्याची टोपी, तोंड काळंकुट्ट, दात तेवढे पांढरे. हे माझे थोरले दीर, नाथा. दहावीत नापास झाले आणि मुकादमाबरोबर चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत गेले. दिवाळीला आले की सासूबाई त्यांना चोळून चोळून न्हाऊ घालायच्या, तरी कानामागून काळं पाणी यायचंच. मुलगी पाहून ठेवली होती. एकोणिसाव्या वर्षी खाणीचं छत त्यांच्यावर कोसळलं. देह वर आलाच नाही. घरी आला तो फक्त जेवणाचा डबा, अर्धा खाल्लेला.

तो चेपलेला पितळी डबा फोटोखाली आहे. तो कधी घासलेला नाही. आत तळाला काळं, चिकट काहीतरी आहे. वास असा की मी नाकाला पदर लावला. सासूबाई रागावल्या. मला मागून वाईट वाटलं. आईचंच काळीज ते.

२७ मे

इथली नवी सून वर्षभर नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवते म्हणे. अंगावर काटा आला! मी मागे चाळीत असते तेव्हा अमित दुपारी जेवून लगेच बाजार समितीत परततो, असं सासूबाई सांगतात; त्याचं ताट त्या झाकून ठेवतात आणि मला त्यातच वाढतात. स्वतःला समजावते, नवराच आहे आपला. डोळे मिटून गिळते.

६ जून

आज घासात कच लागली. कळण्याची भाकरी उडदामुळे काळपट असतेच, म्हणून दुर्लक्ष केलं. मग वरणात बोट घातलं तर खाकरून थुंकलेला काळा बेडका. भडभडून ओकले.

संध्याकाळी अमितवर तोंडसुख घेतलं. खोकला आहे तर डॉक्टरकडे जा, ताटात कसला थुंकतोस! तो म्हणाला, लिलाव सोडून मी दुपारी घरी येतोच कुठे? लग्न झाल्यापासून दुपारचं जेवण बाजारातच आहे.

मग मी इतके दिवस कुणाचं उष्टं खाल्लं?

७ जून

आज दुपारी दाराआड उभी राहिले. सासूबाईंनी ताट वाढून मागच्या खोलीत फोटोपुढे ठेवलं, कडी लावली आणि बाहेर बसल्या. आतून मचमच आवाज येत होता. भुकेलं माणूस जेवतं तसा. खोलीला दुसरं दार नाही. कडी काढून त्यांनी ताट आणलं. भात अर्धा संपलेला, उरलेल्यात काळी बोटं उमटलेली. मला म्हणाल्या, “जेव माय.”

नाही जेवले.

१२ जून

शेजारच्या लंकाबाईंनी शेवटी सांगितलं. बिनलग्नाचा मुलगा गेला की चितेवर ठेवण्याआधी रुईच्या झाडाशी त्याचं लग्न लावतात. नाथांचा देहच नव्हता. लोक म्हणाले, पिठाचा पुतळा करा, रुई लावा, मोकळा करा त्याला. सासूबाईंनी ऐकलं नाही. पोरगा येणार म्हणून बसल्या. आणि मोठ्याच्या आधी धाकट्याचं लग्न कसं करायचं? म्हणून हळद आधी डब्याला लावली. डब्याला चोळून उरलेली माझ्याकडे धाडली.

ती माझ्या अंगाला लागली. साऱ्या अंगाला. गळ्याला, पोटाला—

अमितला विचारलं. त्याने मान खाली घातली. डब्याला हळद लावताना त्याने पाहिलं होतं. आईचं समाधान, दुसरं काय, असं वाटलं म्हणे. समाधान! मी साबणाने कातडी निघेपर्यंत अंग घासलं. कानामागून काळं पाणी येतंय.

३ जुलै

मला दिवस गेलेत. अमित आनंदाने वेडा झालाय. सासूबाईंनी पोटावर हात ठेवला. “मना नाथानं शे,” म्हणाल्या.

नाही. अमितचं आहे. माझं आहे. हे मूल मी त्यांना देणार नाही.

१० जुलै

डोहाळे. लिहायचीही लाज वाटते. चिंच नको, आंबा नको. इस्त्रीतला विझलेला कोळसा दाताखाली फोडला. शी! गोड लागला. थुंकीही गिळली.

उद्या अमित मला नाशिकला सोडतोय. सासूबाई अडवत नाहीत. त्याचीच भीती वाटते.

१२ जुलै, नाशिक

माहेर. आईची लखलखीत भांडी. साधं वरण, भात, वर तूप. पहिल्याच घासाला ओकारी. दुसऱ्यालाही. ताजं अन्न घशाखाली उतरतच नाही. वास येतो त्याला, कुणाचा हात न लागल्याचा.

१५ जुलै

चार घास नाहीत पोटात. डॉक्टर म्हणतात बाळाला जपा, काहीही करून खा. काहीही—

आज आईची नजर चुकवून मोलकरणीचं खरकटं चाटलं. तेही उलटून पडलं. ते नव्हतं. ज्याचं हवं त्याचं नव्हतं.

१७ जुलै

पोट आत ओढतंय. बाळ उपाशी आहे. बाळ मरेल.

दुपारी आईने ताट वाढलं. मी ते उचलून खोलीत नेलं, आतून कडी लावली, ताट कोपऱ्यात ठेवलं, भिंतीकडे तोंड करून बसले. हात जोडले. मीच. मीच बोलावलं—

मचमच.

अमित नामपूरहून आलाय, दार वाजवतोय. कडी काढ म्हणतोय, रडतोय. थांब रे जरा, अमित. ओरडू नकोस, हे जेवताहेत. यांचं झालं की मी—