ओटीतले तांदूळ

आये,

आज मी मृत्युपत्र करून आले. घाबरू नकोस, मला काही झालेलं नाही. गुडघे सोडले तर सगळं धड आहे. पण पोलादपूरच्या दवाखान्यात नर्स म्हणून जन्म घालवला, त्यामुळे ‘बघू पुढं’ म्हणणाऱ्यांच्या मागं काय तमाशे होतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. बाप आत ऑक्सिजनवर आणि बाहेर बाकाशी दोन भाऊ एकमेकांची गचांडी धरून. म्हणून म्हटलं, आपलं असेल-नसेल ते आपण शुद्धीवर असतानाच मार्गी लावावं. असेल-नसेल ते म्हणजे हा महाडचा फ्लॅट. माझ्या पगारातून घेतलेला, दुसऱ्या मजल्यावरचा, म्हणजे सावित्रीचं पाणी गावात शिरलं तरी इथवर चढत नाही. तू तो पाहिला नाहीस, तू गेल्यावर घेतला. आणि तू असतीस तरी आली नसतीस. वहिनीला विचारून सांगते, म्हणाली असतीस.

बघ, आलीच वहिनी. तिचं नाव न काढता तुझ्याशी बोलायचं म्हणजे माझ्यासाठी कठीणच. बाबा गेल्यावरचा तो दिवस तुला आठवतो का? दादानं निरोप धाडला, हक्कसोडपत्र करायचं आहे, रजा काढून महाडला ये. आपल्याकडे बहिणींनी सही करायची असतेच, त्यात नवल नव्हतं. गावातल्या सगळ्याच लेकींनी केली होती आणि न करणारीचं माहेर कसं तुटलं त्याच्या गोष्टी आपण चुलीपुढं बसून ऐकल्या होत्या. मी युनिफॉर्मवरच आले. तू कचेरीच्या व्हरांड्यात मांडीवर गाठोडं घेऊन बसली आहेस, दादा कारकुनाच्या मागं मागं फिरतोय आणि वहिनी नवं लुगडं नेसून भिंतीला टेकून उभी आहे. पऱ्याच्या पाण्याकडेचं भाताचं खाचर त्या कागदात होतं. माझ्या लहानपणी त्या खाचरात तुझ्या शेजारी वाकून मी लावणी केली, माझ्या हाताचं रोपांचं चूड तुझ्यापेक्षा सरळ पडायचं म्हणून तू बाबांना दाखवलं होतंस. हात थांबला माझा. तू जवळ आलीस आणि हळूच म्हणालीस, “सही कर गो. तुज्या घरी तुला काय कमी हाय? म्हायेर तरी ऱ्हाईल.” मी सही केली.

सहीचं दुःख मी केव्हाच गिळलं असतं. पुढचं गिळवत नाही. तू गाठोडं सोडलंस, त्यात त्याच खाचरातले तांदूळ होते, माझी ओटी भरायला आणलेले. पण बाबा गेलेले, तू ओटी भरायची नाहीस अशी रीत. तू ते तांदूळ वहिनीच्या ओंजळीत दिलेस. सहीची शाई वाळली नव्हती आणि परक्या गावातून चार वर्षांपूर्वी आलेली बाई माझ्या खाचरातले तांदूळ माझ्या पदरात घालत होती, वर नारळ ठेवून, अगदी मालकिणीसारखी. “या हां वन्सं सणासुदीला,” म्हणाली. मला, त्या घरात जन्मलेल्या मुलीला, या म्हणाली. तिच्या मनात वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी जळले. घरी जाऊन तो भात रांधला. यांनी ताटावरच विचारलं की हा तांदूळ कुठला, किती गोड आहे. मी रेशनचा म्हणून सांगितलं.

आणि मग तुझं शेवटचं दुखणं. मी सलाइनची बाटली, सुया, सगळं पिशवीत घालून एसटीनं आले, घाटाखाली उतरून चालत. लोकांच्या आयांना मी हातानं भरवलं होतं. तुझ्या तोंडाशी वाटी धरली तर तू मान वळवलीस. “तू बस गो. पावनी हायस तू. ती देईल.” आणि तिच्या हातून घोट घेतलास. मी पडवीत जाऊन बसले. तू मला विश्रांती दिलीस असंच तुला वाटलं असेल. पण तो घोट मी वहिनीला आजतागायत माफ केलेला नाही. तिची कमरेची पट्टी, तिच्या गोळ्या, सगळं मीच सांगते फोनवरून, गोडीनं सांगते, आणि फोन ठेवला की दात-ओठ खाते. एवढं वय झालं तरी.

वकीलबाई तरुण आहे, कोर्टाच्या बाजूच्या गल्लीत बसते. पहिल्या भेटीतच मी सांगून टाकलं, फ्लॅट मुलाला. मुलगा पुण्याला असतो, त्यानं बिचाऱ्यानं कधी विषयही काढला नव्हता. “आई, तुझं घर, तुला हवं तसं कर,” एवढंच त्याचं. मुलगी माणगावात. ती वकीलबाई म्हणाली, स्वकष्टाचं आहे, तुम्ही कुणालाही देऊ शकता. पण मुलीला वगळताय तर कारण लिहिलेलं बरं, उद्या कुणी वाद काढला तर कामी येतं. मी घडाघडा कारणं सांगितली. तिनं लिहून घेतली आणि पुढच्या आठवड्यात दोन साक्षीदार घेऊन या म्हणाली.

तिला जे सांगितलं नाही ते तुला सांगते. माझी लेक येते ना, तेव्हा बेल वाजवत नाही, तिच्याकडे किल्ली आहे. चपला कुठंही काढते, फ्रिज उघडून उभ्या उभ्या खाते, दुपारी माझ्या पलंगावर आडवी होऊन मलाच चहा मागते. जाताना डबे भरून नेते आणि आधीचे आणत नाही. मी माहेरी गेले की पाय दुमडून बसायचे, पाणीसुद्धा मागून घ्यायचे. तिला हे सगळं आयतं, आणि वर घरही आयतं? मला नाही मिळालं ते हिला का? असं पोटच्या पोरीबद्दल वाटत होतं. वहिनी परवडली, ती निदान परकी होती.

आज मी साक्षीला शेजारच्या काकू आणि माझ्याबरोबरची निवृत्त सिस्टर यांना घेऊन गेले. दोघींना बाहेर बसवून वकीलबाईनं मला मसुदा वाचून दाखवला. “माझ्या मुलीचे लग्न मी यथाशक्ती करून दिलेले आहे. तिला तिच्या घरी काही कमी नाही.” मी म्हटलं, थांब. ती थांबली. “परत वाच.” तिनं परत वाचलं. शहरी, स्वच्छ मराठीत वाचत होती, पण आवाज तुझा होता. मला एकदम तो व्हरांडा दिसला, आणि इतकी वर्षं मी न बघितलेली गोष्टही दिसली. माझ्या सहीआधी कारकुनानं तुझा अंगठा घेतला होता, तुझ्या हिश्शाचा. तो निळा अंगठा तू पदरानं पुसत होतीस. तुझ्याकडेही काही उरलं नव्हतं, आये. उरलेला जन्म तुला वहिनीच्याच हातचं पाणी प्यायचं होतं.

वकीलबाईनं विचारलं, “मावशी, दुसरं कारण घालायचं का?” मी म्हटलं, “कारणच नको. दोघांना निम्मं-निम्मं लिही.” तिनं मसुदा नवा केला, काकू आणि सिस्टर आत आल्या, त्यांच्यादेखत मी सही केली आणि त्या दोघींनी. मग तिघींनी खाली रसवंतीत उसाचा रस घेतला.

घरी येऊन लेकीला फोन केला. म्हटलं, मृत्युपत्र केलं, तुला अर्धं घर आहे. मला वाटलं रडेल, निदान गप्प होईल. ती म्हणाली, “बरं. आई, कैरीचं लोणचं घातलंस का? रविवारी येते मी.” तिला त्यात काही नवल वाटलं नाही. आपल्याला वगळतील हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. हसू आलं, आणि मग जळले, पूर्वी जळायचे तशीच.

वहिनीची कागाळी करायला हे लिहायला घेतलं होतं. धाडायचं कुठं, आणि धाडलं तरी तू ते तिच्याकडूनच वाचून घेतलं असतंस. घडी घालून कपाटात ठेवते. पण एक सांगते. आता वहिनीचा नाही, मला माझ्या लेकीचा हेवा वाटतो. तिला मी आई मिळाले.