पुढची खुर्ची

१४ मार्च
होडीचा तळ बसवून झाला. गॅरेजमध्ये इपॉक्सी गोंदाचा वास इतका की अर्लिसने जेवणाचं ताट दारातच ठेवलं आणि नाक दाबून परत गेली. बायकोला कलेची कदर नाही. असो.

सगळी अक्कल पुढच्या खुर्चीत ओतली आहे. होडीत पुढे बसतो तो गळ टाकतो, मधे बसतो तो वल्हवतो. त्यामुळे पुढची खुर्ची माझी, हे उघड आहे. पाठ, मांडी, गुडघे, सगळं माझं माप अर्लिसला घ्यायला लावून केली. उभं राहून गळ फेकताना मांड्या टेकायला कठडा. थर्मास ठेवायला भोक. गळाला लावायच्या पिसांच्या माश्यांच्या डबीला खण. मधे वल्हवणाऱ्यासाठी एक फळी ठोकली. त्यात विचार काय करायचा? फळी ती फळी.

वल्हवायला डेल्मर आहे. अर्लिसचा धाकटा भाऊ. पैसे घेऊन शहरी लोकांना मासे दाखवत फिरतो. नाताळात दोन ग्लास झाल्यावर तो म्हणाला होता, वेंडल, तुझी होडी झाली की मी वल्हवीन. मी विसरलेलो नाही.

२ एप्रिल
संकल्प: यंदा ट्रूडीच्या बारमध्ये भिंतीवर मी.

जूनमध्ये नदीवर केशरी माश्या निघतात, त्या दिवसांत गावात जो सर्वात मोठा ट्राउट मासा धरला जातो, त्याचा फोटो ट्रूडी एल्क हरणाच्या मुंडक्याशेजारी लावते. वर्षाला एकच. डेल्मरचे तीन आहेत. तिन्हीत तोच टोपीखालचा मूर्ख हसरा चेहरा. माझा आजवर एकही नाही, कारण मी काठावरून प्रयत्न करत होतो. काठावरून कोणालाच जमत नाही.

रोज संध्याकाळी गळासाठी पिसांच्या खोट्या माश्या बांधतो. स्वतःचं डिझाइन. एल्कचे केस, केशरी फोम, वर थोडं कोंबड्याचं पीस. अर्लिसने विचारलं, हा उंदीर आहे का? मी पुढची बांधायला घेतली.

१९ मे
डेल्मर होडी बघायला आला. वैताग.

आधी तो नुसताच हसला. मग म्हणाला, पुढे राजाचं सिंहासन आणि मधे कैद्याची फळी, वल्हवणारा काय तुरुंगातून आणणार आहेस? मी म्हणालो, तुझ्या त्या विकतच्या होडीपेक्षा, फायबरच्या बाथटबपेक्षा बरी. तो म्हणाला, बाथटबला निदान पाण्याची सवय असते. मी म्हणालो, निघ. तो म्हणाला, निघतोच आहे, आणि त्या फळीवर बसायला मी येत नाही, माझी कंबर मला पोट भरायला लागते.

जाता जाता शहाणपणा शिकवून गेला. नदी फुगलेली असताना नांगर टाकू नकोस, म्हणे. मी तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली आहे आणि हा मला पाणी शिकवतो. नांगर मी स्वतः केलाय, कॉफीच्या डब्यात शिसं ओतून. दणदणीत.

गेटपाशी त्याने त्याच्या टोपीतली एक पिसांची माशी काढून अर्लिसच्या टोपीला खोचली. शोभेला, म्हणे. बहीणभावांचे लाड. बघवत नाही.

६ जून
डोंगरातलं बर्फ वितळलं. आमची बिग होल नदी कॉफीच्या रंगाची झाली आहे आणि अख्खी झाडं घेऊन पळते आहे. आणि आज पुलाजवळच्या विलोच्या झुडपांवर केशरी माश्या! बोटभर लांब, मंद, पाण्यात टपाटपा पडणाऱ्या. मोठे ट्राउट आता काठाशी येऊन आ वासून बसणार. शहाणे लोक म्हणतात, पाणी उतरू दे. पाणी उतरेपर्यंत माश्या संपतात. शहाण्यांचे फोटो भिंतीवर नसतात.

प्रश्न वल्हवणाऱ्याचा. शेजारच्या हॅल्वरला विचारलं. त्याला गुडघा आठवला. पोस्टातल्या रसेलला विचारलं. त्याने होडी बघितली आणि त्यालाही गुडघा आठवला. या गावात एक धड माणूस नाही.

शेवटी अर्लिस. ती म्हणाली, या पाण्यात मी वल्हवलं तर आपण दोघं एकदम पुढच्या जिल्ह्यात सापडू. ठीक. योजना अशी: तात्पुरतं मी वल्हवतो, अर्लिस पुढे वजनाला बसेल. चांगली जागा आली की नांगर टाकायचा आणि जागा बदलायची. साधं आहे.

८ जून, दुपार
नांगराबद्दल.

विलोचा सुंदर काठ आला. ट्राउटचं नाक मला स्वतःला दिसलं. नांगर टाकला. नांगर उत्तम धरला, हे नमूद करतो. होडी थांबली, नदी थांबली नाही. मागची बाजू खाली गेली आणि नदी आत आली. थर्मास, सँडविच, माझ्या बांधलेल्या माश्यांची डबी, सगळं तरंगायला लागलं. मी नांगराच्या दोराची गाठ सोडत होतो. अर्लिसने सॉसेज कापायची सुरी घेतली आणि दोर कापला. मला न विचारता! होडी उसळली आणि आम्ही गोल गोल फिरत निघालो.

नांगर गेला. डबीही गेली. उरली ती एकच माशी, जी गळाला लावलेली होती.

अर्लिस ओली चिंब होऊन बादलीने पाणी उपसत होती आणि हसत होती. हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

९ जून
बसता येत नाही. ती फळी म्हणजे अघोरी प्रकार आहे. कोणी ठोकली होती, असं तोंडातून निघालं. अर्लिस चुलीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

तळहातांना फोड. नदीची किळस आली आहे. माश्यांची, चिखलाची, ओल्या सॉसेजची, सगळ्याची. होडी विकावी का? हॅल्वर म्हणाला, घोड्यांना पाणी पाजायला चालेल.

११ जून, सकाळ
पुन्हा जातो. नांगर नाही, म्हणून योजना बदलली: शांत वळण आलं की मी पटकन पुढे जाईन आणि दोन-चारदा गळ फेकीन. तोवर अर्लिसने गळाची काठी नुसती धरून ठेवायची. आपटू नये म्हणून. बाकी काही करू नको, असं दोनदा सांगितलं.

११ जून, संध्याकाळ
शांत वळण नव्हतं.

गळाचा दोर पाण्यात सोडून अर्लिस पुढच्या खुर्चीत बसली होती. माझ्या खुर्चीत. पाय कठड्यावर. मी मधे फळीवर, पाठ मोडेस्तोवर मागे खेचत होतो, कारण एक क्षण वल्ही सोडली की होडी विलोत शिरत होती. तेवढ्यात अर्लिस म्हणाली, वेंडल, काहीतरी ओढतंय. मी म्हणालो, झाड आहे. ती म्हणाली, झाड पळतंय.

ट्राउट. तपकिरी, पोट पिवळं. वर उडाला तेव्हा मी ओरडलो, काठी वर, दोर सोड, दोर ओढ, मला दे. ती म्हणाली, तू होडी सांभाळ. या स्वरात ती माझ्याशी कधी बोललेली नाही.

होडी सांभाळली. मासा प्रवाहाबरोबर खाली गेला तशी मी होडी खाली नेली, काठाला शिरला तशी बाहेर ओढली. बुडलेल्या कॉटनवुड झाडाच्या फांद्यांमधून ती होडी मी कशी काढली, मला माहीत नाही. जाळीही तिनेच लावली, कारण माझे हात मोकळे नव्हते. माझे हात मोकळे असते तर, एवढंच म्हणतो.

डेल्मर त्याच्या बाथटबमधून दोन शहरी गिऱ्हाइकं घेऊन बाजूने जात होता. त्याने वल्ह्याशेजारी मासा धरून माप घेतलं, फोटो काढला, मासा सोडायला लावला. मग गिऱ्हाइकांना म्हणाला, हे वल्हवणं बघितलंत? हे असं असतं. आणि टोपी काढली. माझ्याकडे बघून.

टोमणा असणार. दुसरं काय?

१२ जून
न्याहारीच्या वेळी कळलं. माझी माशी पहिल्याच फांदीला अडकून तुटली होती. अर्लिसने गुपचूप तिच्या टोपीतली माशी लावली. डेल्मरची. अर्धं धिरडं ताटात टाकून उठलो.

१४ जून
केशरी माश्या संपल्या आणि भिंतीवर फोटो लागला. एल्कच्या मुंडक्याच्या उजवीकडे, डेल्मरच्या तिन्ही फोटोंच्या वर. त्यात अर्लिस आहे, मासा आहे, माझी खुर्ची आहे, वॉर्निशची चमकसुद्धा आहे. मी म्हणजे वल्ह्यांवरचे दोन हात, मनगटापर्यंत.

ट्रूडीने अर्लिसला बिअर फुकट दिली. मला विचारलं, तुला काय आणू, आणि पैसे घेतले. तो गुरंवाला म्हातारा ऑस्मंड फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला. मग त्याने मोठ्याने विचारलं, या दोन हातांना रविवारी माझ्यासाठी वल्हवायला वेळ आहे का? सगळा बार हसला. अर्लिस नाही हसली. ती म्हणाली, रविवारी ते हात माझे आहेत.

उबग आला आहे.

१५ जून
काल बारमधून गाडीने घरी येताना मी तिला म्हणालो, तुला मासे धरायचे होते हे कधी बोलली नाहीस. ती म्हणाली, लग्न झाल्यापासून दर जूनला तुझं जेवण बांधून देते, वेंडल, तू कधी विचारलंस? मी म्हणालो, मला काय स्वप्न पडणार होतं? चांगलं उत्तर होतं. ती खिडकीतून बाहेर बघत बसली.

रात्रीचं जेवण गेलं नाही. मासा नाही म्हणून असेल.

४ ऑक्टोबर
नदी उतरली, बर्फाचा वास यायला लागला. गॅरेजमध्ये काम काढलं. मधली फळी उखडून फेकली आणि तिथे नीट खुर्ची करायला घेतली. टेकायला पाठ, पायाला आधार, खाली जाड गादी. पुढच्या जूनमध्ये जो कोणी वल्हवायला येईल त्याची गैरसोय नको. तो कोण, ते अजून ठरायचं आहे. डेल्मरलाही सांगता येईल.

अर्लिस होडीत पुढच्या खुर्चीत बसून माशी बांधत होती. ती खुर्ची तिला मोठी होते. म्हणाली, राहू दे, मी उशी घेईन. मग टेप घेऊन उठली आणि नव्या खुर्चीसाठी माझं माप घेतलं. मी म्हणालो, माझं कशाला? ती म्हणाली, कोणाचं तरी घ्यावंच लागेल.

संध्याकाळी बसून बघितली. मला अगदी बरोबर होते.