सैल पीळ
रविवार, संध्याकाळ. ब्रह्मपुरीजवळ, घरी

वीस वर्षं मी दिल्लीत जपानी कलाकारांची प्रदर्शनं मांडतो. त्यातल्या एकाने भेट दिलेली तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, दोरी घरी दाखवायला आणली होती. तिच्यावर मी बारा पानं लिहिली आहेत. आज दादाने तिनेच धानाचा भारा बांधला. मी ओरडलो, तर दादा म्हणाला,

"दोरीच तं हाये ना बे! अन् पीळ सैल हाये. तुले नाई दिसला?"

नाही दिसला. बारा पानांत तो सैल पीळ कुठेच नाही. लहानपणी बाबांजवळ बसून मीही दोऱ्या वळायचो ना?

संध्याकाळची बुद्धवंदना झाल्यावर अंगणात मूठभर तणस घेऊन बसलो. दोनदा वळलं, दोनदा उलगडलं. दादा समोर ओसरीवरच होता. शिकव म्हणायला तोंड उघडलं नाही.