भिजलेली दोरी

आबा, चोपड्याच्या केळीवाल्याची पोर समुद्रात कशी जाऊन पडली, असं लोक मला अजून विचारतात. समुद्र तुम्ही जन्मात पाहिला नाही, पण जनावराच्या अंगावर काही चढवायचं तर कसं, ते मी तुमच्याकडूनच शिकले. शिकले म्हणजे बोलणी खाल्ली. रेडकू दिवसभर कुठं भटकतं ते बघायचं म्हणून मी त्याच्या गळ्यात काकांचा कॅमेरा बांधला होता. बटण कोण दाबणार, हा विचार माझ्या अकरा वर्षांच्या डोक्यात आलाच नाही. रेडकू डबक्यात बसून आलं तेव्हा सुती दोरी भिजून आवळली होती आणि मान सोलवटली होती. काका कॅमेऱ्यासाठी ओरडत होते, तुम्ही मात्र हळद-तेल लावत मला म्हणालात, "तेले बोलता येत नही, म्हनीसन तू काय बी बांधशी का?" दोन दिवस तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत. मला ते फार लागलं होतं.

पुढं नव्वदच्या दशकात, समुद्री कासवांच्या अभ्यासाच्या कामात, मी खरोखरच कासवाच्या पाठीवर कॅमेरा बांधला, बटण न दाबता आपोआप चित्रं घेणारा. पट्ट्याची कडी खाऱ्या पाण्यात काही तासांत झिजून तुटते, पट्टा सुटतो, कॅमेरा वर तरंगतो आणि कासव मोकळं होतं, अशी सोय होती. पण कॅमेरा उसना आणलेला, एकुलता एक. तो हरवला तर, या धास्तीनं मी वरून सुती दोरीचा एक वेढा दिला, आपल्या गोठ्यातल्यासारखी गाठ मारून. रेडकाची मान मला आठवली ती कासव पाण्यात दिसेनासं झाल्यावर. तीन दिवस आम्ही होडीतून शोधलं. कॅमेरा वर आला नाही.

त्याच महिन्यात तुम्हाला जळगावच्या दवाखान्यात ठेवलं. मी कासवाची गोष्ट सांगायला लागले, तर शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही तुम्ही गप्प केलंत, "आयक, मन्ही पोर सांगी राह्यनी." चित्रं कशी आली, हे तुम्ही विचारलं नाही. एवढंच विचारलंत, "मंग, सुटनं ना ते?"

मी हो म्हणाले. तुम्ही किती खूश झालात! उद्या खरं सांगू असं ठरवून मी जवळच पिंप्राळ्याला मावशीकडे जेवायला गेले, आणि पोटभर जेवले.

सकाळी तुम्ही नव्हता. हा कागद मी घडी करून वहीत ठेवणार आहे. ते कासव सुटलं की नाही, आबा, मला माहीत नाही.