हॉरेबचं घर

सोमवार, ३ मार्च २०१४

किल्ल्या देऊन टाकल्या. तिन्ही. एकेचाळीस वर्षं माझ्या दारामागच्या खिळ्याला होत्या. मेन्ना म्हणाली, एक ठेव की आँटी, घरचीच आहेस. म्हटलं नको. चॅपेलची किल्ली ठेवत होते, लोकांच्या घराची कशाला?

मोकळा खिळा दिवसभर डोळ्यात खुपला. संध्याकाळी पक्कड आणली आणि उपटला.

बुधवार, ५ मार्च

नीट लिहून टाकते, नाहीतर डोक्यात नुसतं फिरत राहतं.

मेन्ना म्हणजे माझ्या बहिणीची, नेस्टची मुलगी. लिव्हरपूलला वाढली. छप्पन्न वर्षांची बाई, आणि मी तिचं तोंड पहिल्यांदा बघितलं ते गेल्या वर्षी! हॉरेबमध्ये, म्हणजे आमच्या चॅपेलमध्ये, आम्ही पाच म्हाताऱ्या उरलो, कुलूप लावलं, विकायची पाटी लागली. पाटी वाचून ही आली. चॅपेलचं घर करायचंय म्हणे, तिला आणि आईला राहायला. नेस्टचं हृदय थकलंय, जिने चढवत नाहीत. तिला गावी यायचंय.

गावी म्हणजे कुठे — हॉरेबमध्ये! जिथून हाकलली तिथेच!

सत्तावन्न साल. नेस्ट एकोणीसची, पोटात मेन्ना, लग्न नाही. रविवारची उपासना झाली, पाहुणे गेले, मंडळी थांबली. तिला पुढे उभी केली, मोठ्या बाकासमोर. मोठ्या बाकावर पंच बसायचे, आमच्याकडे तोंड करून. मधोमध आमचे बाबा. त्यांनीच विचारलं — हिला मंडळीतून काढावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. हात गेले. आईचा गेला. मी सोळाची. आईनं कोपराला चिमटा काढला. माझा सगळ्यात शेवटी गेला, पण गेला.

सोमवारच्या पहिल्या बसनं नेस्ट गेली. त्यानंतर ना पत्र, ना नाताळचं कार्ड. आई गेली, बाबा गेले, काही नाही. मी तिच्या जागी असते तर मीही लिहिलं नसतं.

आता ती येतेय. आली की पहिल्याच दिवशी सांगणार — नेस्ट, माझाही हात होता. एवढंच वाक्य. मग तिला काय करायचं ते करू दे.

मंगळवार, ११ मार्च

बाक उपटले. ह्यूकडे काम आहे — गावात चार ह्यू, हा चुनेवाला. रविवारच्या शाळेत माझ्यासमोर वचन म्हणताना याची चड्डी ओली झाली होती, आणि आता मला सांगतो, आँटी, घरी बसा, उगाच धूळ खाल. म्हटलं, तुझ्या जन्माआधीपासून हीच धूळ झाडतेय मी.

चौदा बाक कुठल्याशा दारूच्या गुत्त्यानं घेतले. बाबा गुत्ता आला की रस्ता ओलांडून पलीकडून चालायचे. त्यांच्या बाकावर आता बिअर सांडणार.

नेस्टचा निरोप आला मेन्नाकरवी. डावीकडून तिसरा बाक हलवायचा नाही. आणि तिचा पलंग मोठ्या बाकाच्या जागी टाकायचा. मेन्ना हसली, आई हट्टी आहे गं.

मी नाही हसले. तिसरा बाक आमचा. त्यावर मी बसले होते. आणि पलंग तिथे, जिथे तिला उभी केली होती. रोज तिथून माझी जागा बघत पडणार.

टोमणाच आहे. असू दे. तिचा हक्क आहे.

बुधवार, २ एप्रिल

पुलपिटखालच्या, प्रवचनाच्या ओट्याखालच्या, फळ्या काढल्या. आत दोन मेणबत्त्या, मेलेला चिमणा, आणि मंडळीची जुनी वही. ह्यू ती मेन्नाला द्यायला निघाला होता. हिसकावलीच मी. म्हटलं, चॅपेलचे कागद आहेत, कोर्टाला द्यायचे असतात. असलं काही नसतं. त्याला काय कळतंय!

कोटाखालून घरी आणली. बाबांचं अक्षर. नेस्टचं नाव, तारीख, आणि खाली — एकमताने.

एकमताने म्हणजे मीसुद्धा.

पिठाच्या डब्यामागे ठेवली आहे. नेस्ट आली की वही तिच्या हातात देणार. तोंडातून शब्द फुटला नाही तर निदान वाचेल.

शुक्रवार, १६ मे

काम बंद! छपरात वटवाघळं. वन्यजीवांच्या कचेरीतून एक बाई आली, खुर्ची टाकून संध्याकाळभर आभाळाकडे बघत बसली. त्रेचाळीस मोजली. त्यांची पिल्लं उडेपर्यंत छपराच्या स्लेटला हात लावायचा नाही, कायदा आहे म्हणाली.

मी विचारलं, आणि शहात्तर वर्षांची बाई तोवर कुठे राहील? तिनं माझ्या हातात माहितीपत्रक ठेवलं.

इतकी वर्षं त्या छपराखाली उपासना झाली. रविवारी त्रेचाळीस माणसं जमली असती तर कुलूप कशाला लागलं असतं!

मंगळवार, १० जून

अजून बंदच.

सोमवार, १४ जुलै

मेन्नाचा फोन. नेस्टला रात्री दवाखान्यात नेली. छातीत पाणी झालंय. डॉक्टर म्हणतात बघू. बघू म्हणजे काय!

फोन ठेवला आणि पिठाच्या डब्याशी जाऊन उभी राहिले. पोस्टानं पाठवावी का वही? पाकीटसुद्धा घेतलं. पण दवाखान्यातल्या बाईला असलं पाठवायचं? कोण उघडेल, कोण वाचून दाखवेल — तिची मुलगीच ना!

पाकीट परत खणात.

मंगळवार, १२ ऑगस्ट

नेस्ट घरी आली, तिच्या त्या लिव्हरपूलच्या तिसऱ्या मजल्यावर. आता तर खाली उतरवत पण नाही. मेन्ना तिला सोडून येऊ शकत नाही.

मी ह्यूला धरलं. दिवस कमी आहेत रे, जमीन टाक, न्हाणीघर लाव, बाकी राहू दे. तो म्हणाला, आँटी, तुमचं घर आहे का ते? मी झाडू उचलला आणि झाडायला लागले. तर लाजला. दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन आला.

आतून चुना मी मारला, हात पोचेल तिथवर. बहात्तर वर्षं त्या भिंतींकडे बघितलंय, हात कधी लावला नव्हता. थंड असतात.

आवाज मात्र जात नाही तिथला. बादली ठेवली तरी घुमते. माणसं राहायला लागली की जाईल म्हणतो ह्यू.

गुरुवार, १८ सप्टेंबर

परवा येणार. तिसऱ्या बाकाला तेल-मेण लावलं. आमच्या नावाची पितळी पट्टी घासली. पलंग टाकला. चादर दोनदा बदलली. कसलं नाटक हे! एक बाई येणार, झोपणार. झालं.

शनिवार, २० सप्टेंबर

आली. मोठ्या दारातून. ह्यू आणि त्याच्या भावानं खुर्चीसकट उचलून आणली. एवढीशी झालीय! केस गेलेत. पण हनुवटी तीच.

मी वही कोटाखाली घेऊन उभी. सगळं पाठ केलं होतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "लठ्ठ झालीस." सगळे हसले. मेन्ना सारखी मध्ये मध्ये — उशी, गोळ्या, खिडकी. मी तीन वेळा तोंड उघडलं, तीन वेळा मिटलं. तव्यावर मनुकांचे केक केले होते. नेस्टनं दीड खाल्ला. आईसारखे झालेत म्हणाली.

उद्या सांगणार. मेन्ना दुकानात जाईल तेव्हा. नक्की.

रविवार, २१ सप्टेंबर

मेन्ना गेली. नेस्ट पलंगावर नव्हती, तिसऱ्या बाकावर होती. कशी चालत गेली देव जाणे. मला म्हणाली, बस तुझ्या जागेवर. बसले. वही काढणार, तेवढ्यात तीच बोलायला लागली.

"त्या दिवशी मी एकदाच मान वर केली, आयर्ली. सगळे हात वर होते. आईचासुद्धा. एक तुझा नव्हता. तेवढ्यावर काढली मी सगळी वर्षं. पत्र टाकलं नाही — म्हटलं, आधीच त्या हातापायी तुला घरात काय काय ऐकावं लागलं असेल."

वही कोटाखालीच राहिली.

मग तिनं माझा हात मागितला. उजवा. मी दिला.