मला एकटीला फुकट

१३ जानेवारी २०१३, टॅम्पिनीस
अखेर ते तीन टॉवर आणि डोक्यावरची ती होडी बघितली. २००९ ला हे आणि मी आलो होतो तेव्हा नुसत्या क्रेन होत्या. हे पडले पीडब्ल्यूडीतले इंजिनीयर. त्या तिरक्या भिंतींसमोर किती वेळ उभे! "पुरं झालं की परत येऊ गं." पुरं झालं. आले ती मी एकटीच.

खाली मॉल, मॉलच्या पोटात कालवा, कालव्यात होड्या. मग कॅसिनोचं दार. इथले नागरिक आणि पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी, यांना आत जायला शंभर डॉलर, परदेशी पाहुण्याला काही नाही. अमेय-केतकी दोघं पीआर. लेक म्हणतो, "आई, तुला फुकट आहे, जा, बघून ये. आम्ही थांबतो बाहेर." फुकट म्हटल्यावर पुणेकर मागे हटतो होय! पासपोर्ट दाखवला, गेले. लेक, सून, नात बाहेर बाकावर आणि म्हातारी जुगाराच्या अड्ड्यात. इरा तर ओरडलीच, "आजी गोइंग कॅसिनो, सो फनी लाह!"

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ पुण्याचाच आणलेला, दमट हवेने चिकट झालाय.
काल आतलं लिहायचं राहिलं. गालिचा इतका जाड की आपली पावलं आपल्यालाच ऐकू येत नाहीत. वर झुंबर, आमच्या कॉलनीचं कार्यालय सबंध मावेल त्यात. खिडकी नाही, घड्याळ नाही. बाहेर ऊन आहे का रात्र, कोणाला पत्ता नाही. टेबलांवर ही गर्दी, पण दंगा नाही. मला वाटलं होतं दारुडे, भांडणं. कसचं काय, माझ्या वयाच्या बायका पिशवी मांडीवर घेऊन मशीनसमोर बसलेल्या, भाजी निवडत असल्यासारख्या.
गणवेशातली एक मुलगी आली. "ऑंटी, टी ऑर कॉफी?" चहा घेतला. बसून प्यायले. कोणीतरी करून दिलेला.

२३ जानेवारी
केतकीची वन-नॉर्थ भागातली नोकरी सुरू होऊन महिना झाला. सहा महिने प्रोबेशन. सात वर्षं घरी बसली होती पोर. अमेयने मला बोलावलं ते त्यासाठीच, हे मला ठाऊक आहे आणि त्यात वाईट काही नाही. सकाळी डबे, दुपारी इराची स्कूलबस ब्लॉकखाली येते ती गाठायची, जेवण, अभ्यास. मधले चार तास भिंती.
शेजारची रोहाना, मलय बाई, फार गोड हसते. तिला माझं इंग्रजी कळत नाही, मला तिचं. दोघी हसतो आणि दारं लावतो.

३० जानेवारी
गेले. कॅसिनोत. एमआरटीची मेट्रो दोनदा बदलून, एकटी. चुकले नाही, उगाच कोणाला विचारलं नाही.
दहा वाजता आत, साडेबाराला घरी. एका लहान मशीनवर खेळले. सगळ्यात कमी लावायचं, गेलं की उठायचं, हा माझा नियम. केतकीला सांगितलं, लिटल इंडियात देवळात गेले होते. का सांगितलं कोण जाणे. जीभच वळली.

६ फेब्रु.
चिनी नवं वर्ष तोंडावर. तिकडे सगळं लाल आणि सोनेरी, छतापासून कागदी फुलं. परत देऊळ सांगितलं. केतकी म्हणाली, "आई, प्रसाद नाही आणलात?" मेले मी. वाटेत केळी घेतली होती ती दिली.

१५ फेब्रु.
टॅक्सीने आले, पाय दुखत होते. ड्रायव्हर चिनी म्हातारा, बोलका. म्हणाला, लहानपणी इथे समुद्र होता, भर घालून जमीन केली. आणि कॅसिनोला सरकारचं कित्येक वर्षं नाही, नाही, नाहीच चालू होतं. मग म्हणे देशाला पाहुणे हवेत. तर नाव दिलं 'इंटिग्रेटेड रिसॉर्ट'. "कॅसिनो नोबडी से, लाह." खो खो हसला.
तीस वर्षं इतिहास शिकवला मी. नाव बदललं की पाप पातळ होतं, हे काही नवीन नाही. पण यांनी निदान दाराशी स्वतःच्या माणसांना अडवायला पैसे लावले. पाहुण्याचं काय व्हायचं ते होवो. मी तर पाहुणीच.

२० फेब्रु.
तिकडे मैत्रीण झाली. जोहोरहून बसने येते, मलेशियाची, म्हणून तिलाही फुकट. मिसेस तान. मला सिस्टर म्हणते. तिच्या मुलांना सांगते क्वान यिम देवीच्या देवळात जाते. मी म्हटलं, मी पण देवळातच! हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी.
तिला विचारलं, रोज का येतेस? "घरी पण वेटिंग, इकडे पण वेटिंग. इकडे एअरकॉन."
लिहून टाकते एकदाचं. मला तिथे आवडतं. जिंकायला म्हणून नाही. त्या खुर्चीत मी कोणाची आई नाही, आजी नाही, गेलेल्या माणसाची बायको नाही. बटण दाबावं का नाही, एवढंच ठरवायचं, आणि ते मीच.

५ मार्च
नियम मोडला. गेल्यावर उठले नाही. परत लावलं. परत. हे कोणाला सांगू?

१२ मार्च
लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.
इराची बस आली आणि मी नव्हते. तिकडेच होते. वाटलं, अजून अकराच वाजले असतील. पर्समध्ये फोन वाजत होता, त्या मशीनच्या किणकिणाटात ऐकू कसा येणार. बाहेर येऊन बघते तर केतकीचे चौदा कॉल.
पोर ब्लॉकखाली रडत उभी होती. रोहानाने घरात नेलं, केतकीला फोन लावला, भात भरवला. केतकी मीटिंग टाकून धावत आली, तिच्या बॉससमोरून. मी पोचले तेव्हा इरा कार्टून बघत होती. "आजी, यू फरगॉट मी, इझ इट?" जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.
देऊळ म्हणाले नाही आज. खरं सांगितलं.

१३ मार्च
रात्रभर कोणी झोपलं नसावं.
अमेय शांतपणे बोलला. ओरडला असता तर बरं. "आई, घरच्यांनी अर्ज केला की तुझा पासपोर्ट त्या गेटवर चालत नाही. मी करतोय. तुझ्या भल्यासाठीच." केतकी एकदम उसळली, "पाठवलं कोणी आधी? फुकट आहे म्हणून?"
मग ती माझ्याकडे वळली. "आई, मला तुमची गरज आहे हो. पण रागही आलाय. दोन्ही आहे." बरं वाटलं मला. निदान सरळ बोलली.
तिला ऑफिसात पुढच्या शुक्रवारपर्यंत सांगायचंय, जमणार आहे का नाही. नाही म्हटलं तर नोकरी गेली. इराला दुपारी बघणारं दुसरं कोण आहे?

१८ मार्च
पोटच्या पोराने माझ्यावर बंदी घालायची? ज्याला मी हात धरून रस्ता ओलांडायला शिकवलं? संताप येतो. आणि मग इराचा चेहरा आठवतो, आणि मग, खरं सांगू, ती खुर्ची आठवते. तिन्ही एकामागून एक.
अमेयला म्हटलं, तू नको. मीच माझ्यावर घालून घेते. तशीही सोय आहे म्हणे. एकदा घातली की वर्षभर तरी उठत नाही.
त्याचा चेहरा उजळला. "आई, यू आर ग्रेट." ग्रेट कसली. निदान सही तरी माझी.

२० मार्च
अमेयने अर्धी रजा काढली. कचेरी साधी, थंडगार. काउंटरवर इराएवढी दिसणारी पोरगी, असेल पंचवीसची. तिने अमेयला बाहेर बसायला सांगितलं. तो म्हणाला, मी मुलगा आहे. ती म्हणाली, येस सर, प्लीज वेट आउटसाइड.
मग माझ्याकडे बघून, अगदी हळू: "ऑंटी, धिस युअर ओन विश? नोबडी फोर्स यू?"
लग्नाला कोणी विचारलं नव्हतं. ह्यांच्या बदलीसाठी साताऱ्याची शाळा सोडली तेव्हा नाही. पुण्याच्या घराला कुलूप लावून इथे आले तेव्हाही नाही. सगळं आपलं झालं, आणि मी होय म्हणत गेले. आणि आज ही परकी मुलगी पेन हातात देऊन वाट बघते आहे. होय म्हटलं तर खोटं. नाही म्हटलं तरी खोटं. काचेपलीकडे अमेय फोनमध्ये डोकं घालून बसलेला.
म्हटलं, "मला विचार करू दे, बाळ." ती म्हणाली, "टेक युअर टाइम, ऑंटी. टुमॉरो ऑल्सो कॅन."
गाडीत अमेय: "झालं ना?"
"नाही."
"का?"
"तिने मला विचारलं."
त्याला काही कळलं नाही.

२१ मार्च, गुरुवार
इराची बस गाठली. पंधरा मिनिटं आधीच जाऊन उभी राहिले. रोहानाला पुरणपोळी दिली, तिने सगळी खाल्ली.
केतकी उशिरा आली. उद्या तिला ऑफिसात सांगायचंय. चपला काढता काढताच म्हणाली, "अमेयने सांगितलं. त्या मुलीने विचारलं ते मीही विचारते. पण तिच्यासारखं नाही, मला उत्तर हवंय. तुमची स्वतःची इच्छा काय आहे, आई?"
मी म्हटलं, आधी जेवून घे.
जेवणं झाली. भांडी झाली. अमेय इराला झोपवतोय. केतकी ओट्याला टेकून उभी आहे अजून, आणि मी समोर टेबलाशी हे लिहीत बसलेय.