आईची कार्डं पुसू नकोस

बुधवार, १२ मार्च, सकाळ

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक. तुझ्या भाऊजींचा गुडघा अजून कुरकुरतो, तरी हे पत्र घेऊन तेच येताहेत. फोनवर मी भाषण ठोकते आणि मुद्दा राहून जातो, हे तू जाणतेसच.

आईचं चित्रण कापताना अडखळतं, तिची बोटं मेणाची दिसतात, असं काल म्हणालीस. मशीन जुनं असेल, असं मी सांगितलं. मशीनचा दोष नाही, कोडेकचा आहे, म्हणजे चित्रण दाबून फाइलीत साठवायच्या पद्धतीचा. तू घेतलेला हलका कोडेक तयार फिल्म लोकांना पाठवण्यासाठी असतो. त्यात एक चित्र पूर्ण साठवतात, पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच. कुठेही कापायला गेलीस की सॉफ्टवेअर मागची चित्रं धुंडाळत बसतं. शिवाय फाइल लहान करताना गेलेले बारकावे परत येत नाहीत. संकलनाला प्रत्येक चित्र अख्खं ठेवणारा कोडेकच घ्यावा. फाइली जड होतील, डिस्क भरेल. भरू दे. वीस वर्षं संकलकांच्या संघटनेच्या सभांत टेबलावर मूठ आपटून मी हेच सांगत आले.

मग तुला हलका कोडेक घे, असं उलटं का सांगितलं? घाईत होते, असं आधी लिहिलं होतं. तो कागद फाडला.

तू पाठवलेला अर्ध्या तासाचा तुकडा मी तीनदा पाहिला. आई शिवणयंत्रावर बसून कारखान्यातल्या संपाचं सांगते, कॉलर कशी बसवायची ते दाखवते, मधेच तुझ्याकडे बघून हसते. मी आयुष्यभर परक्यांच्या लग्नांची चित्रणं कापत-जोडत बसले. मी कॅमेरा काढला की ती म्हणायची, "राहू दे गं, कामं पडलीत." तुला सहा तास दिले. त्यात तू विचारतेस, "ताईलाही बोलावू का?" तर म्हणते, "थोरली कशाला? ती आली की तीच बोलेल."

खरं आहे. म्हणून जास्त झोंबलं.

त्याच दिवशी तुझा फोन आला. "ताई, कोणता कोडेक घेऊ? तू म्हणशील ती पूर्वदिशा." मी पूर्ण शुद्धीत चुकीची दिशा दाखवली, चिमे. वर, हलक्या फाइलींत रूपांतर झालं की कॅमेऱ्याची मूळ चित्रण असलेली कार्डं पुसून टाक, असंही सांगितलं. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर आई पुन्हा बोलणार नाही, हे तेव्हा मला माहीत होतं.

उद्या कारखान्यात चित्रीकरणाला तू तीच कार्डं नेणार आहेस. नेऊ नकोस. भाऊजींकडे दोन कोरी कार्डं दिली आहेत, ती वापर. जुनी पुसून झाली असतील, तर त्यांवर पुढे काहीही घेऊ नकोस, नुसती काढून ठेव. वर नवं काही लिहिलं नसेल तर पुसलेलं कधी कधी परत मिळतं. कधी कधीच.

कार्डं शाबूत आहेत की नाहीत, तेवढं भाऊजींपाशी सांग. त्यांना कारण ठाऊक नाही. तू त्यांना सांग, आईलाही सांग, मी नाकारणार नाही. पण तिचं ते तुझ्याकडे बघून हसणं आठवलं की अजून पोटात आग पडते. ती विझली, असं खोटं लिहिणार नाही.

तुझ्याच रक्ताची, तुझ्यावर जळणारी,
ताई